म्हसरूळ ते अंबड, रोज २८ किलोमीटर: कोणती इलेक्ट्रिक सायकल?

प्रश्न : मी म्हसरूळला राहते आणि अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी विभागात काम करते. एका बाजूने साधारण १४ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, सकाळी सातची शिफ्ट. स्कूटर बदलायला झाली आहे. तिच्याऐवजी इलेक्ट्रिक सायकल घ्यावी असं मनात आहे. खाली वळलेल्या हँडलच्या, कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या इलेक्ट्रिक ग्रॅव्हल बाइक फार आवडल्या, पण त्यांच्या किमती तीन-चार लाखांच्या पुढे आहेत. दुकानदार जाड टायरची इलेक्ट्रिक सायकल घ्या म्हणतो. भाऊ म्हणतो, साधी ग्रॅव्हल घे आणि तिला मोटर-बॅटरीचं किट बसव. माझं बजेट सव्वा लाख. तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये प्लग नाही. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६४ किलो. पावसाळ्यातही सायकलनेच जायचं आहे. काय घेऊ?
– एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खाली प्लग नाही. म्हणजे बॅटरी चावीने सुटून हातात आली पाहिजे आणि घरात चार्ज झाली पाहिजे. या एका अटीवर तुम्हाला आवडलेल्या बऱ्याचशा सायकली गळतात. वजनाला हलक्या इलेक्ट्रिक ग्रॅव्हल बाइकची बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीत कायमची बसवलेली असते. स्पेशलाइज्डची क्रिओ घ्या किंवा माहलेची हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात असणारी मोटर, बसवलेल्या अनेक कंपन्यांच्या सायकली घ्या, चार्ज करायचं तर सायकलच प्लगपाशी न्यावी लागते. १४-१५ किलोची सायकल, वर ओलं मडगार्ड आणि चिखल, दिवसभराच्या शिफ्टनंतर तीन जिने. पहिला आठवडा उत्साहात जाईल, पण जुलैत हे जमणार नाही. जुलैत चालेल अशीच सायकल घ्यायची, म्हणजे डिसेंबरची चिंता उरत नाही.

आता बॅटरी किती मोठी हवी ते पाहू. दुकानात 'एका चार्जमध्ये ७० किलोमीटर' असं सांगतात. तो आकडा सोडून द्या आणि व्होल्टला ॲम्पिअर-अवरने (एएच) गुणा, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॉट-अवरमध्ये कळतं. ३६ व्होल्ट आणि ७.८ एएच म्हणजे २८० वॉट-अवर, ३६ व्होल्ट आणि १२.५ एएच म्हणजे ४५० वॉट-अवर. तुमच्या वजनाच्या व्यक्तीला, बॅग धरून, मध्यम मदतीवर किलोमीटरमागे साधारण ८ वॉट-अवर लागतात. समोरून वारा असेल किंवा घाई असेल तर १२. सकाळी तुम्ही ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाता आणि पावसाळी वारा नेमका पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून जाताना १२ धरा, येताना ८. चौदा गुणिले बारा १६८, चौदा गुणिले आठ ११२, एकूण २८०. पण २८० वॉट-अवरची बॅटरी घेऊन भागणार नाही. बॅटरी अगदी तळापर्यंत उतरवायची नसते, १५ टक्के शिल्लक ठेवावी. शिवाय दोन-तीन वर्षांत तिची क्षमता २० टक्क्यांनी घटते. हे दोन्ही धरले की २८० ला ०.६८ ने भागायचं. उत्तर येतं साधारण ४१०. म्हणून तुम्हाला ३६ व्होल्ट, १२ ते १४ एएचची बॅटरी हवी. ती तीन किलोच्या आसपास भरते, पिशवीत घालून वर नेता येते.

कंपनीत चार्ज करू देत असतील तर हिशोब बदलतो. मग फक्त जाण्याचे १६८ भागिले ०.६८, म्हणजे २५० वॉट-अवरमध्येही काम होतं. सायकल किलो-दीड किलोने हलकी होते आणि काही हजार रुपये वाचतात. पण ही परवानगी कंपनीच्या मेंटेनन्स विभागाकडून आधी लेखी घ्या. आज हो म्हणणारा सुपरवायझर उद्या बदलतो आणि छोटी बॅटरी मात्र तुमच्याकडेच राहते.

बॅटरी किती वर्षं टिकेल, याचाही अंदाज काढता येतो. साधारण चांगल्या बॅटरीला ५०० पूर्ण चक्रांनंतर, म्हणजे ५०० वेळा पूर्ण भरून उतरवल्यावर, ८० टक्के क्षमता उरते असं धरतात. ४५० वॉट-अवरमधून रोज २८० वापरले की रोजचं चक्र ०.६२ होतं. वर्षाचे २८८ दिवस धरले तर पावणेतीन वर्षं. तेव्हा नवी बॅटरी घ्यावी लागेल किंवा कंपनीत चार्ज करण्याची सोय लागेल. खरेदीच्या दिवशीच विचारा : या मॉडेलची सुटी बॅटरी आज कितीला मिळते? किंमत सांगता येत नसेल, किंवा 'बघावं लागेल' असं उत्तर आलं, तर ते मॉडेल सोडा. बाकी सगळे भाग इकडचे तिकडे बसवता येतात. बॅटरीचा साचा आणि तिचं कुलूप मात्र प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं.

मोटर आणि कायदा हे दोन्ही एकत्रच समजून घ्यावे लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, अशी पॅडल मारून चालणारी इलेक्ट्रिक सायकल मोटार वाहनात मोडत नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. याच्या पुढे गेलात की ते वाहन ठरतं. दुकानात 'लिमिट काढून देतो, चाळीसला पळेल' असं सांगतील. नाही म्हणा. उद्या धडक झाली तर विनानोंदणी, विनाविमा गाडी चालवल्याचा ठपका तुमच्यावर येईल. शिवाय त्या सायकलचे ब्रेक, चाकाच्या तारा आणि रिम चाळीसच्या वेगासाठी बनवलेले नसतात.

२५० वॉट पुरतील का, ही शंका रास्त आहे. आकड्यांत सांगतो. तुम्ही, २० किलोची सायकल आणि सहा किलोची बॅग मिळून ९० किलो. वारा नसताना सपाट डांबरावर ताशी २२ ने जायला चाकाशी साधारण १२० वॉट लागतात. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला की त्याच वेगाला २३० वॉट. शेकडा चारचा चढ ताशी १८ ने चढायला २५५ वॉट. म्हणजे मध्यम वारा आणि गोदावरीच्या काठावरून वर येणारा चढ, दोन्हींचा भार जवळपास सारखाच. त्यातले १०० वॉट तुम्ही घातले, आणि रोज सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला ते सहज जमतं, तर मोटरवर १३०-१५५ वॉट येतात. २५० वॉटची मागच्या चाकातली गिअरवाली हब मोटर हे आरामात ओढते. चढ संपतो, पण वारा चौदाही किलोमीटर साथ सोडत नाही, म्हणून बॅटरीचा हिशोब वाऱ्यावर करायचा असतो.

पॅडलपाशी बसणारी मोटर, जिला मिड-ड्राइव्ह म्हणतात, चढावर जास्त ताकद देते. ती गिअरमधून काम करते आणि तिच्यावर सायकल चालवल्यासारखं वाटतं. त्र्यंबकच्या पुढे घाटात जायचं असतं तर तिचाच विचार केला असता. तुमच्या रस्त्यावर तिचा फायदा थोडा आणि खर्च जास्त आहे. मोटरची सगळी ताकद चेनमधून जाते, त्यामुळे चेन नि कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, लवकर झिजतात. महिन्याला तुमचे ६७० किलोमीटर होणार. पावसाळी रेतीत मिड-ड्राइव्हची चेन तीन महिन्यांतही बाद होऊ शकते. हब मोटर चाक थेट फिरवते, चेनवर फक्त तुमच्या पायांचा जोर असतो. त्यात मिड-ड्राइव्हचं सॉफ्टवेअर उघडायला कंपनीचं स्वतःचं उपकरण लागतं. ते नाशिकमधल्या दुकानात नसेल तर सायकल पुण्याला किंवा मुंबईला जाते आणि तुम्ही रिक्षा शोधता.

मोटरपेक्षा सेन्सरकडे जास्त लक्ष द्या. स्वस्त इलेक्ट्रिक सायकलींत पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघणारा सेन्सर असतो. अर्धा फेरा झाला की मोटर एकदम सुरू होते आणि पाय थांबले तरी क्षणभर ढकलत राहते. मोकळ्या रस्त्यावर हे चालतं. रामवाडी पुलाच्या तोंडाशी रिक्षा नि टेम्पोच्या मधून चालण्याच्या वेगाने सरकताना हाच झटका धोक्याचा ठरतो, आणि ओल्या रेतीवर मागचं चाक घसरतं. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत करतो. सव्वा लाखाच्या आत टॉर्क सेन्सरची सायकल मिळत असेल तर आठ-दहा हजार जास्त गेले तरी तीच घ्या. नाहीच मिळाली, तर ब्रेकच्या दांडीला मोटर बंद करणारा स्विच दोन्ही बाजूंना आहे ना, ते पाहा आणि गर्दीत मदत पहिल्या पातळीवर ठेवायची सवय लावा.

ग्रॅव्हल सायकलीत घेण्यासारखं काय असतं? चाकांना भरपूर जागा, कॅरिअर नि मडगार्ड बसवायला स्क्रूची भोकं, आणि खराब रस्त्यावरही सरळ धावणारी फ्रेम. खाली वळलेलं हँडल हा तिचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, कारण डोळ्यांत भरतं ते हँडलच. वाऱ्यात त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण त्याला बसणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकच्या दांड्या महाग असतात, मोटर बंद करणारा स्विच त्यांच्यात सहसा नसतो, आणि पाच फूट दोन इंच उंचीला बऱ्याच मॉडेलचा सर्वांत लहान आकारही लांब पडतो. हात ताणलेले राहिले की खांदे आणि मनगटं दुखू लागतात. सरळ हँडल घ्या आणि मुठींच्या आतल्या बाजूला छोटे बार-एंड, म्हणजे हात धरायच्या जोडदांड्या, बसवा. वारा आला की हात आत घेऊन थोडं वाकता येतं, कोपरं मिटतात, आणि वळलेल्या हँडलचा बराचसा फायदा हजारभर रुपयांत पदरात पडतो.

टायरवर आम्ही मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहोत, कारण चूक इथेच होते. दुकानदाराने सुचवलेली चार इंची टायरची सायकल खड्ड्यात मऊ वाटते, पण बॅटरीसह २५ किलोच्या पुढे जाते. डांबरावर तिचे टायर ओढतात, म्हणजे वर काढलेला बॅटरीचा हिशोब कोलमडतो. पूर्ण मडगार्ड बसत नाही, चाळीत किंवा जिन्याखाली ती मावत नाही, आणि रस्त्यात चार इंची ट्यूब मिळत नाही. दुसरीकडे ३२ मिलिमीटरचा बारीक टायर सिंहस्थाच्या कामांसाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यांवर रिम वाकवतो. तुम्हाला ४० ते ४५ मिलिमीटर हवा. मधला पट्टा जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला बारीक गोट्या, म्हणजे रबरी उंचवटे, असा. पूर्ण गोट्यांचा टायर डांबरावर आवाज करतो आणि मधोमध झिजतो.

दुकानात विचारायचा प्रश्न असा : 'मडगार्ड लावून किती मिलिमीटरचा टायर बसतो?' नुसता टायर किती बसतो, ते विचारू नका. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सहा ते आठ मिलिमीटर फट लागते, त्यामुळे '५० पर्यंत बसतो' असं म्हणणाऱ्या फ्रेममध्ये मडगार्डसह ४२-४५ बसतो. टायरच्या कडेवर ४५-६२२ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. ६२२ म्हणजे ग्रॅव्हलचं ७०० सी आणि डोंगरी सायकलचं २९ इंची, दोन्ही एकच. हे लक्षात ठेवलं तर '७०० चा टायर नाही' असं सांगणाऱ्या दुकानातही २९ बाय १.९५ चा टायर अडीनडीला मागता येतो. फक्त तो जवळपास ५० मिलिमीटरचा असतो, तेव्हा फ्रेममध्ये जागा हवी.

हवा किती? ट्यूब असेल तर पुढे ३८-४०, मागे ४५ पीएसआय. ट्यूबलेस असेल तर पुढे ३२, मागे ३८. पंपावरच्या मुलाला 'कडक भर' सांगू नका. कडक टायर खड्ड्यात उसळतो आणि तारांवर ताण येतो. अंबडच्या रस्त्यांवर लेथच्या चिप्स आणि तारेचे तुकडे पडलेले असतात, म्हणून आमचा कल ट्यूबलेसकडे आहे. एका चाकात ६० ते ९० मिलिलीटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घाला. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते सुकतं, तेव्हा दर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा घाला. रिम ट्यूबलेस नसेल तर साधी ट्यूब चालेल, पण मागच्या टायरमध्ये पंक्चररोधक पट्टी टाका.

हब मोटरचं चाक रस्त्यात काढणं जिकिरीचं असतं. पण आपल्याकडचे पंक्चरवाले चाक न काढताच एका बाजूने ट्यूब ओढून ठिगळ लावतात, आणि ते तसंच करायला सांगा. चाक काढावंच लागलं तर बहुतेक मोटरना १८ नंबरचा पाना लागतो, तो बॅगेत ठेवा. वायरचा जोड सरळ ओढायचा, पिळायचा नाही. आतल्या पिना वाकल्या की मोटर बंद. लावताना दोन्ही बाजूंचे बाण समोरासमोर आणायचे.

भावाच्या सूचनेत दम आहे, पण एक अडचण आहे. आजकालच्या बहुतेक चांगल्या ग्रॅव्हल सायकलींना १२ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल असतो, म्हणजे फ्रेमच्या टोकाला उघडी खाच नसून बंद भोक असतं. बाजारातलं साधं हब किट १३५ मिलिमीटर रुंदीच्या उघड्या खाचेतच बसतं. म्हणजे नवी ग्रॅव्हल घेऊन किट लावायचं ठरलं तर मुद्दाम जुन्या पद्धतीच्या खाचेची, शक्यतो स्टीलची फ्रेम शोधावी लागेल. कार्बनला हे किट लावू नका. ॲल्युमिनियमला लावलंत तर टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फ्रेमशी बांधणारी पोलादी पट्टी, दोन्ही बाजूंनी हवी. ती नसेल तर मोटरच्या उलट जोराने खाच रुंदावते आणि एक दिवस ॲक्सल फिरून वायर तुटते. पुढच्या चाकात मोटर आणि वर शॉक ॲब्सॉर्बरचा फोर्क, हे जोडकाम तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. पुढची खाच तुटली तर माणूस तोंडावर पडतो. बॅटरी धरून किट साधारण २५ ते ४० हजारांत होतं. किट लावणारा माणूस शहरातला, ओळखीचा आणि वॉरंटी लिहून देणारा असेल तरच हा मार्ग धरा.

तेव्हा आमचा सल्ला : ॲल्युमिनियम फ्रेमची, सरळ हँडलची, ७०० सी चाकांची इलेक्ट्रिक हायब्रिड, म्हणजे रोड आणि डोंगरी सायकलीच्या मधला प्रकार, घ्या आणि तिला ग्रॅव्हल टायर लावा. मागे ३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर. टॉर्क सेन्सर. चावीने सुटणारी १२ एएच किंवा मोठी बॅटरी. १६० मिलिमीटरच्या चकत्यांचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. पुढे एकच दातेरी चकती, मागे नऊ किंवा दहा गिअर. बारा गिअर नकोत, चेन नि कॅसेट महाग पडतात आणि पटकन मिळत नाहीत. शिमानोच्या क्यूज मालिकेतली लिंकग्लाइड कॅसेट मिळाली तर उत्तम, तिचे दात जाड असतात आणि रोजच्या वापराला तीच शोभते. ढोबळमानाने सायकलवर ९० हजार ते एक लाख आणि उरलेले मडगार्ड, कॅरिअर, दिवे, कुलूप, पंप यांवर, अशी वाटणी ठेवा. सगळे पैसे सायकलवर घालून मडगार्ड 'नंतर बघू' असं केलं की ते राहूनच जातं, आणि पहिल्याच पावसात पाठीवर चिखलाची रेघ नि मोटरच्या जोडात पाणी.

दुकानात जाताना बॅग भरून न्या. डबा, सेफ्टी शूज, जे रोज नेणार ते सगळं. सेफ्टी शूज घालूनच चालवून पाहा. त्यांचा तळवा रुंद आणि जड असतो, लहान पॅडलवरून घसरतो, म्हणून रुंद, दातेरी पॅडल बदलून मागा. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. उभं राहिल्यावर फ्रेमची वरची नळी तीन-चार सेंटीमीटर खाली हवी. मग चार गोष्टी तपासा. मोटर बंद करून किलोमीटरभर चालवा, कारण कधीतरी बॅटरी संपेलच आणि तेव्हा सायकल ओढत न्यावी लागली तर ती तुमच्या कामाची नाही. चढावर थांबून परत सुरू करा. पॅडल थांबवा आणि मोटर लगेच सुटते का पाहा. शेवटी बॅटरी स्वतः काढा नि घाला, तीन-चार वेळा. कुलूप अडकत असेल तर नवेपणी अडकणारं कुलूप धुळीत जास्तच अडकेल.

पाण्यापासून बचावाचे आकडेही वाचून घ्या. बॅटरीवर आयपी ६७ असेल तर ती अर्धा तास मीटरभर पाण्याखालीही तग धरते, अशी कसोटी आहे. डिस्प्ले आणि कंट्रोलरवर बहुधा आयपीएक्स ४ असतं, म्हणजे उडालेलं पाणी चालतं, जोराची धार नाही. म्हणून गाड्या धुण्याच्या पंपावर ही सायकल कधीही धुऊ नका. बादली, फडकं, मऊ ब्रश पुरतो.

रस्त्याचं म्हणाल तर मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर चढू नका आणि द्वारका चौक शक्यतो टाळा. दिंडोरी रोडने मखमलाबाद नाका, रामवाडी पूल, अशोक स्तंभ, मायको सर्कल, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक आणि सिडकोतून अंबड, हा मार्ग सकाळी सहाला खूपच मोकळा असतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी आलं की गोदाकाठचे रस्ते विसरा. हब मोटर चाकाच्या मध्याशी असते, पाणी तिथवर पोचलं की वायरच्या भोकातून आत शिरतं. तेवढं पाणी दिसलं तर उतरून परत फिरा, लांबचा पूल घ्या. म्हसरूळ-मखमलाबादकडच्या मळ्यांतून जवळची वाट आहे म्हणून पावसाळ्यात काळ्या मातीत शिरू नका. ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक जाम होतं. त्यावर कोणत्याही टायरचा इलाज नाही. द्राक्षबागांतून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर टाकलेली ढेकळंही ओली असताना ब्रेक न लावता, हँडल सरळ ठेवून ओलांडायची.

रोज करायची देखभाल फारशी नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, म्हणजे साधारण १५०-१७० किलोमीटरला, चेन पुसून ओल्या हवेचं चेन ऑइल प्रत्येक कडीला एक थेंब. इंजिन ऑइल नको, ते रेती धरून ठेवतं. चेन किती ताणली ते मोजायचं साधन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. नऊ-दहा गिअरच्या चेनला ०.७५ टक्के दाखवलं की बदला, उशीर केला तर कॅसेटही जाते. ब्रेक पॅडचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदला. पावसाळ्यासाठी धातुमिश्रित पॅड बसवा, ते आवाज करतात पण चिखलात लवकर संपत नाहीत. त्याआधी चकतीवर 'रेझिन ओन्ली' कोरलेलं आहे का ते पाहा. असेल तर तिला धातुमिश्रित पॅड चालत नाहीत.

चार्जर सायकलीसोबत आलेलाच वापरा. ३६ व्होल्टच्या पॅकचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो, ४८ च्या पॅकचा ५४.६ चा. पिन सारखी दिसते म्हणून शेजाऱ्यांचा चार्जर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. दोन ॲम्पिअरच्या चार्जरला तुमचे रोजचे २८० वॉट-अवर भरायला चार तास लागतात. संध्याकाळी आल्यावर अर्धा तास बॅटरी थंड होऊ द्या, मग लावा, आणि झोपण्याआधी काढा. फरशीवर, पडदे नि गाद्यांपासून लांब, घरातून बाहेर पडायच्या वाटेत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर अर्धी-पाऊण भरून ठेवा.

नवी सायकल घरी आणल्यावर पहिल्या २०० किलोमीटरनंतर ती दुकानात परत न्या आणि मागच्या चाकाच्या तारा ताणून घ्या. मोटरचं वजन आणि जोर तारांवर येतो, त्या सुरुवातीला सैल पडतात आणि तशाच चालवल्या तर हबपाशी एकेक करून तुटतात. तुमच्या रोजच्या अंतराने ही भेट आठव्या दिवशीच येईल, म्हणून तिचे पैसे बिलात आधीच धरून घ्या.